धबधबा नावाची कंपनी, आणि तारा कुणाच्या?

निघण्याआधी : आम्स्टलवेन

लेकीच्या घरी टेबलावर विजेचं बिल पडलं होतं. एकतीस वर्षं कोयनेच्या पोफळी वीजगृहात शिफ्ट केल्यावर बिल दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. वर नाव होतं व्हॅटनफॉल. स्वीडिश भाषेत याचा अर्थ धबधबा. हॉलंडसारख्या सपाट देशातल्या घराच्या बिलावर धबधबा!

लेक म्हणाली, "बाबा, शेजारच्या आजी अजून हिला न्यूऑनच म्हणतात." बरोबरच होतं. न्यूऑन ही डच कंपनी. २००९ साली ती या स्वीडिश कंपनीने विकत घेतली आणि २०१९ पर्यंत जुनंच नाव चालू ठेवलं. पण बिलात तारांचं शुल्क वेगळं लावलेलं होतं आणि ते लिआंडर नावाच्या दुसऱ्याच संस्थेचं होतं. डच कायद्याने वीज विकणारा आणि तारा सांभाळणारा एक असून चालत नाही. म्हणून विक्रीआधी न्यूऑनचे दोन भाग केले. निर्मिती आणि विक्री परदेशी गेली, तारा मात्र इथल्या प्रांतांच्या आणि नगरपालिकांच्याच मालकीच्या राहिल्या.

आमच्या मंडळाचेही २००५ च्या जूनमध्ये भाग झाले होते : महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. त्या दिवशी मी कामावर होतो. टर्बाइन-जनित्राचे सेट तेच, माणसं तीच, फक्त लॉगबुकवरचं नाव बदललं. पण आमचं सगळं शेवटी सरकारचंच राहिलं. व्हॅटनफॉलही स्वीडिश सरकारच्या शंभर टक्के मालकीची, आणि तरी पाच देशांत धंदा करणारी. एका सरकारी वीज मंडळाने दुसऱ्यांच्या देशात जाऊन वीज विकायची म्हणजे काय, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. पुढच्या दहा दिवसांचा बेत त्या बिलावरून ठरला.

दिवस पहिला : स्टॉकहोम

सोल्नामधलं मुख्यालय बाहेरून पाहिलं. काचेची इमारत, आत शिरायचं काही कारण नव्हतं. १९०९ साली 'राजेशाही धबधबा मंडळ' अशा अर्थाच्या नावाने हे खातं सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ट्रोलहेट्टानचं ओलिदान वीजगृह चालू झालं. १९९२ मध्ये खात्याची कंपनी झाली, तेव्हा देशभराच्या अतिउच्चदाब वाहिन्या काढून वेगळ्या सरकारी संस्थेकडे दिल्या.

संध्याकाळी उत्तरेची रात्रगाडी पकडली. रात्र नावालाच. बारा वाजता खिडकीतून बर्चची झाडं स्पष्ट दिसत होती आणि सोबत आलेली माझी बायको, ही, पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपली होती.

दिवस दुसरा : पोर्युस

सकाळी येलिवारेला उतरलो. तिथून पोर्युस पन्नासएक किलोमीटर, बसने तासाभराच्या आत. ही पन्नास किलोमीटर मला महत्त्वाची वाटत होती. १९१० साली इथे काम निघालं तेव्हा ना रस्ता होता ना रेल्वे. रूळ पोचेपर्यंत माणसांनी सामान पाठीवर वाहून नेलं, दलदलीतून, बर्फातून. बसच्या खिडकीतून ती दलदल अजून दिसते. वर जूनचे डास. बस थांबली आणि दार उघडलं की अंगावर येतात.

एवढी धडपड कशासाठी? किरुनाचं लोहखनिज नॉर्वेच्या किनाऱ्याला नेणाऱ्या रेल्वेसाठी. कोळसा दुरून आणावा लागे, म्हणून रेल्वे विजेवर चालवायची ठरली. १९१५ मध्ये पोर्युसची वीज रुळांवर पोचली. एका रेल्वेसाठी ध्रुववृत्ताच्या पलीकडे वीजगृह!

जुनी इमारत किल्ल्यासारखी आहे. ती वरची, वीज जोडण्या-तोडण्याच्या स्विचगिअरची. मशीन हॉल खाली आहे, खडकात पन्नास मीटर खोल. लिफ्टचं दार उघडलं आणि तो वास आला. ओला खडक, तेल आणि जुन्या वार्निशचा तो वास ज्याने भूमिगत वीजगृहात नोकरी केली त्याला सांगावा लागत नाही. पोफळीलाही बोगद्यातून आत शिरताना शंभरएक पावलांवर तो नाकाशी येई. पावसाळ्यात जास्त. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. छिन्नीचे आणि सुरुंगाच्या भोकांचे व्रण जसेच्या तसे. आमच्याकडे हे काम पन्नास-साठच्या दशकात झालं, इथे त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी.

दाखवायला आलेले गृहस्थ सत्तरीचे, पूर्वी इथेच नोकरीला. माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी जेमतेम, पण टर्बाइनचं पाणी कमीजास्त करणाऱ्या गव्हर्नरपाशी आल्यावर शब्दांची गरज उरली नाही. मी हाताने हँडव्हील फिरवल्याची खूण केली, त्यांनी मान हलवली आणि काचेखालची जुनी शिफ्टची वही दाखवली. तासातासाचे आकडे, एका रेषेत. आमच्या वह्यांत तसेच होते.

दिवस तिसरा : हार्सप्रोंगेट आणि जोकमोक

पोर्युसच्या खाली, त्याच लुले नदीवर, हार्सप्रोंगेट. ८१८ मेगावॅट, स्वीडनमधलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र. पण तिथे बघण्यासारखं जे आहे ते केंद्र नाही, कोरडी घळ आहे. इथे पूर्वी प्रचंड धबधबा होता. आता १०७ मीटरचा तो सगळा उतार खडकातल्या बोगद्यातून जातो आणि नदीचं मूळ पात्र उघडं पडलंय. घोटून गुळगुळीत झालेले काळे कातळ, मधे डबकी. काठावर बांधकामाच्या वेळी दोनेक हजार वस्तीचं गाव होतं. काम संपल्यावर तेही मोडलं. कंपनीच्या नावात जो धबधबा आहे तो इथे नाही, आणि तो कंपनीनेच घेतला. हे लिहिताना मला राग नाही. आम्हीही सह्याद्रीतलं पाणी वळवून कोकणात सोडलं, त्यावर माझं घर चाललं. पण जे दिसलं ते लिहायला हवं.

इथून १९५२ मध्ये जगातली पहिली ३८० केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी दक्षिणेला हाल्सबर्गपर्यंत गेली. कोयनेची पहिली वीज मुंबईकडे गेली ती २२० केव्हीवर. पहिल्या टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून तारा दक्षिणेकडे जाताना बघत राहिलो. वीज इथली, कारखाने आणि शहरं तिकडे. वीजगृहांवरचा मालमत्ता करही राज्याच्या तिजोरीत जातो. जोकमोकची नगरपालिका त्यातला वाटा वर्षानुवर्षं मागते आहे.

दुपारी जोकमोकच्या आय्ते संग्रहालयात गेलो. सामी लोकांचं, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या इथल्या मूळ माणसांचं संग्रहालय. तिथे लुले नदीच्या वरच्या अंगाच्या सुओर्वा धरणाची हकीगत कळली. १९०९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, युरोपातल्या पहिल्यांपैकी एक. दहाच वर्षांत धरणासाठी त्यातला तुकडा कायद्याने वगळला. मग धरणाची उंची पुन्हा वाढवली, आणि पुन्हा. एकंदर चार टप्पे. प्रत्येक टप्प्याला काठावरच्या सामींनी आपली बिऱ्हाडं वर सरकवली. आता त्या जलाशयाची पातळी वर्षभरात तीस मीटरपर्यंत खालीवर होते, त्यामुळे काठावर काही टिकत नाही, ना गवत ना मासळीची वीण.

मी पाटी वाचून हिला मराठीत सांगत होतो. ही ऐकता ऐकता बाकावर बसली. हिचं आजोळ शिवसागरात, कोयना धरणाच्या जलाशयात, गेलं. माणसं रायगड जिल्ह्यात पाठवली गेली, आणि जमिनीच्या सातबाऱ्यासाठी हिच्या मामांनी अर्धं आयुष्य मोर्च्यांत आणि कचेऱ्यांत घालवलं. लग्नानंतर पोफळीच्या कॉलनीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिने मला विचारलं होतं, पाणी खाली गेलं की देऊळ दिसतं का म्हणून.

"अहो," ती म्हणाली, "ह्यांना चार वेळा उठवलं?"

"हो."

"आणि पैसे?"

मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. तिने काचेतला लाकडी पेला बघितला, बर्चच्या गाठीतून कोरलेला, कडा वापरून झिजलेल्या. बराच वेळ तिथून हलली नाही.

दिवस चौथा : लुलेओ

नदी समुद्राला मिळते तिथलं शहर. नदीवर कंपनीची १५ केंद्रं आहेत, आणि त्यांच्या विजेवर हायड्रोजन तयार करून कोळशाविना लोखंड काढायचा प्रयोग इथे चालतो. खाणवाले, पोलादवाले आणि वीजवाले असे तिघे २०१६ पासून एकत्र, हायब्रिट नावाने. २०२१ मध्ये पहिलं स्पंज आयर्न निघालं. बाहेरून टाक्या पाहिल्या, विमान पकडलं.

दिवस पाचवा : बर्लिन

लेक सुट्टी काढून आली.

जर्मनीत ही कंपनी ज्या वेगाने वाढली तो वेग आजही थक्क करतो. हॅम्बुर्गची वीज कंपनी, बर्लिनची बेवाग, पूर्व जर्मनीची मोठी वीजकेंद्रं आणि लिग्नाइटच्या खाणी, असं सगळं घेऊन २००२ मध्ये एक मोठा संसार उभा राहिला. घरी पाण्यावर चालणारी सरकारी कंपनी इथे तपकिरी कोळशावर चालू लागली.

कालव्याच्या काठाने चालताना विटांचं एक औष्णिक केंद्र लागलं, मोआबिटचं. बर्लिनची घरं अशा केंद्रांच्या गरम पाण्यावर तापतात. जमिनीखालून नळ जातात, घराघरात रेडिएटरला पोचतात. आपल्याकडे याला समांतर काही नाही म्हणून लिहितो : इथे कंपनीने फक्त वीज नाही, हिवाळ्यातली उबही विकली.

आणि बर्लिनकरांना वाटलं, हे आपल्या हातात हवं. नोव्हेंबर २०१३ मध्ये सार्वमत झालं. वीजजाळं शहराने परत घ्यावं का? मत देणाऱ्यांत होकार मोठा होता, पण नियम असा की एकूण मतदारांच्या २५ टक्के होकार हवा. पडले २४.१ टक्के. थोडक्यात गेलं. तरी लोकांनी विषय सोडला नाही. २०२१ मध्ये शहराने तारा २.१४ अब्ज युरोंना विकत घेतल्या, २०२४ मध्ये गरम पाण्याचे नळही. आम्ही ज्या केंद्रासमोर उभे होतो ते आता शहराचं.

एक स्वीडिश करदाता आणि एक बर्लिनकर, दोघांचंही म्हणणं एकच : वीज लोकांची असावी. फक्त लोक कोणते, एवढाच फरक. ही कंपनी आपल्या देशात लोकांची, आणि इथे मात्र परकी. वीज मंडळात आयुष्य गेलेल्या मला बर्लिनकरांची बाजू चटकन पटली.

दिवस सहावा : होर्नो

कॉटबुसवरून फोर्स्ट. पोलंडच्या सीमेजवळ. फोर्स्टच्या कडेला नवं होर्नो आहे : एकसारखी घरं, नीट रस्ते, मधे तळं. जुनं होर्नो येनश्वाल्डेच्या लिग्नाइट खाणीत गेलं. ते सोर्ब लोकांचं गाव, जर्मनीतल्या स्लाव भाषा बोलणाऱ्या अल्पसंख्यांचं. गावाने कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला, हरलं, आणि एकविसावं शतक उजाडल्यावर, २००४ च्या सुमाराला, चर्चसकट उठलं. तेव्हा खाण याच कंपनीकडे होती.

नव्या गावात 'नाहीशा झालेल्या गावांचा संग्रह' आहे. लुसाटिया नावाच्या इथल्या भागात कोळशाने शंभराहून अधिक वस्त्या पूर्ण किंवा अर्ध्या गिळल्या, त्यांची नोंद. जमिनीवर सगळ्या प्रदेशाचा नकाशा गालिच्यासारखा अंथरलेला. त्यावरून व्हॅक्यूम क्लीनरसारखं एक यंत्र फिरवायचं, गावावर आलं की तिथल्या माणसांची गोष्ट सुरू होते. हिने यंत्र हातात घेतलं. जर्मन काही कळत नव्हतं, तरी एकेका गावावर थांबून शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या आजोळच्या खोऱ्यासाठी असा एखादा नकाशा कुणी अंथरला असेल तर तो मला अजून बघायला मिळालेला नाही. पोफळीत इतकी वर्षं राहून मीही काही केलं नाही, ते मनाला लागलं.

२०१६ मध्ये कंपनीने या खाणी आणि केंद्रं चेक गुंतवणूकदारांना विकली. स्टॉकहोमला ते बरं वाटलं असेल, हिशेबातला धूर गेला. केंद्रांचा धूर मात्र गेला नाही, मालक बदलला. पोलंडमधून २०११ ला आणि फिनलंडच्या वितरणातून २०१२ ला कंपनी अशीच बाहेर पडली होती, कर्ज आणि पसारा आवरायला.

दिवस सातवा : गोल्डिस्थाल

या सहलीतला माझा स्वतःचा दिवस.

थुरिंगियाच्या जंगलात, डोंगराचा माथा कापून वरचं तळं केलंय. १.२ कोटी घनमीटर पाणी. खाली श्वार्त्सा नदीवर दुसरं तळं. मधे डोंगराच्या पोटात १०६० मेगावॅटचं उदंचन केंद्र, जर्मनीतलं सगळ्यात मोठं. पूर्व जर्मनीच्या काळात योजना निघाली, रखडली, १९९७ ला पुन्हा काम सुरू झालं, २००३ ला चालू. ज्यांनी घाटघर पाहिलंय त्यांना तत्त्व सांगायला नको : वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवा, महाग असेल तेव्हा खाली सोडा.

मला बघायचे होते ते २६५ मेगावॅटच्या चार सेटपैकी दोन. साधा सेट ग्रीडच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. जनित्र म्हणून चालताना गव्हर्नर पाणी कमीजास्त करतो, लोड हलवता येतो. पण तोच सेट पंप म्हणून चालवला की वेग पक्का, आणि वेग पक्का म्हणजे खेचणारी वीजही जवळजवळ पक्की. एकतर पूर्ण चालू, नाहीतर बंद. इथले दोन सेट वेग बदलू शकतात. रोटरला वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा पुरवठा देऊन फिरण्याचा वेग थोडा खालीवर करतात. त्यामुळे पंप चालू असतानाही लोड हवा तसा जुळवता येतो. युरोपात एवढ्या आकाराचे असे सेट पहिल्यांदा इथे बसले.

याचं मोल कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला कळतं. रात्रपाळीला फ्रिक्वेन्सी वर चढायला लागली की कळव्याच्या भार नियंत्रण केंद्रातून फोन येई, लोड कमी करा. आमच्याकडे पेल्टन टर्बाइन, पाण्याची धार सोडणारं नोझल मिटवत आणायचं, डोळे मीटरवर. आता वाऱ्याची वीज मध्यरात्री कधीही धो धो येते, ती कमी करण्यापेक्षा डोंगरावर साठवायची तर पंपाला असं बोटावर नाचवता आलं पाहिजे. समोर सेट पंप मोडवर येताना ऐकला. आधी हवा सोडून पाणी खाली दाबतात, रनर, म्हणजे टर्बाइनचं चाक, कोरडा फिरतो, मग पाणी घेताना आवाज बदलतो, पायाखालच्या जाळीतून पोटऱ्यांपर्यंत जाणवतो. लेकीने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी फक्त हात वर केला, ऐक म्हणून.

वर तळ्याच्या बांधावर गेलो तेव्हा वारा होता आणि पातळी चढत होती.

दिवस आठवा : हॅम्बुर्ग

इथेही २०१३ च्या सप्टेंबरात सार्वमत झालं होतं, तारा परत घ्यायच्या की नाही. ५०.९ टक्के होकार, आणि इथे ते पुरेसं ठरलं. पुढच्या वर्षी वीजजाळं शहराचं झालं, २०१९ मध्ये गरम पाण्याचंही.

एल्बच्या पलीकडे मोअरबुर्ग. २०१५ मध्ये चालू केलेलं, जवळपास १६०० मेगावॅटचं कोळशाचं नवंकोरं केंद्र. सरकारने कोळसा बंद करणाऱ्यांना भरपाईचा लिलाव काढला, त्यात कंपनीने ते २०२० च्या शेवटी बंद करून टाकलं. म्हणजे जेमतेम सहा वर्षं. त्या जागेवर आता हायड्रोजनचा प्रकल्प येतोय. ज्यांनी ते सेट उभारले, पहिल्यांदा ग्रीडशी जुळवले, त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. आमचे पहिल्या टप्प्याचे सेट साठीच्या घरात आहेत.

शहराच्या पूर्वेला क्र्युम्मेलची अणुभट्टी. फुकुशिमानंतर २०११ मध्ये जर्मनीने ती कायमची बंद केली, आणि कंपनीने जर्मन सरकारवरच आंतरराष्ट्रीय लवादात दावा ठोकला. २०२१ मध्ये तडजोड झाली, कंपनीच्या वाट्याला १.४ अब्ज युरोंहून जास्त आले. एका देशाची सरकारी कंपनी दुसऱ्या देशाच्या सरकारवर लवादात! दाभोळचा लवाद आठवणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून आत कुठेतरी खटकतंच.

दिवस नववा : ब्लोवांड

डेन्मार्कच्या पश्चिम टोकाचं दीपगृह. वर चढलो. क्षितिजावर बारीक काड्या : हॉर्न्स रेव. २००२ सालचं, ८० पवनचक्क्या, १६० मेगावॅट, समुद्रात एवढं मोठं तोवर कुणीच केलं नव्हतं. खारी हवा आणि ट्रान्सफॉर्मर-जनित्रांचे दोष यांनी पहिल्या दोन वर्षांतच छळलं. २००४ मध्ये ऐंशीच्या ऐंशी नॅसेल, म्हणजे पात्यांमागच्या यंत्रपेट्या, उतरवून किनाऱ्यावर आणून दुरुस्त केले. शेजारी २०१९ मध्ये ४०७ मेगावॅटचा तिसरा भाग आला, त्यात पवनचक्क्या फक्त ४९. सतरा वर्षांत एका चक्कीचं काम चौपट झालं.

दिवस दहावा : नॉर्डवाइक

पुन्हा हॉलंड. संध्याकाळी वाळूत बसलो. समोर समुद्रात १३९ पवनचक्क्या, प्रत्येकी ११ मेगावॅट, म्हणजे कोयनेच्या चारही टप्प्यांच्या तीन चतुर्थांशांहून जास्त. २०२३ मध्ये राजाच्या हस्ते उद्घाटन झालं. सरकारी अनुदानाशिवाय उभं राहिलेलं हे पहिलं मोठं समुद्री पवनक्षेत्र, असं अभिमानाने सांगतात. तो खराच, पण समुद्रातून किनाऱ्यापर्यंतची जोडणी सरकारी मालकीच्या पारेषण कंपनीने करून दिली, तेही त्याच दमात सांगायला हवं. इंग्लंडच्या नॉरफोकपाशी याच कंपनीने २०२३ मध्ये खर्च चाळीस टक्क्यांपर्यंत वाढल्याने काम थांबवलं आणि ते क्षेत्र जर्मन कंपनीला विकलं.

खांबांना पाण्याखाली भोकं ठेवली आहेत, मासे आतबाहेर करू शकतील अशी, आणि बुडाशी कॉड माशांसाठी दगड रचलेत. हे मी हिला सांगितलं.

ही बराच वेळ समोर बघत होती. मग म्हणाली, "अहो, तिथे खाली गाव नव्हतं ना कुणाचं?"

"गाव नव्हतं," मी म्हणालो. "मासेमारीची जागा होती. आता तिथे ट्रॉलर नेता येत नाही."

तिने मान हलवली. अंधार पडता पडता सगळ्या खांबांवरचे तांबडे दिवे एकदम लागले. लेक बसची वेळ बघत होती.